फोटो ढगात, जीव भांड्यात?

फोनमधले हजारो फोटो एकदा क्लाउडवर चढले की आपण निर्धास्त! पण क्लाउडवर दिसणारा प्रत्येक फोटो सुरक्षित असतोच असं नाही. ही शेवटी भाड्याची जागा आहे. तेव्हा सामान हलवण्याआधी ॲग्रीमेंटमधली बारीक अक्षरं एकदा वाचून घेऊ या.

एक काम करा. हे वाचता वाचता फोन हातात घ्या (नाहीतरी तो हातातच असेल म्हणा!), गॅलरी उघडा आणि आत एकूण फोटो किती आहेत ते बघा. चार हजार? नऊ हजार? की वीस हजारांच्या वर? या लेखासाठी मी ओळखीतल्या ज्या ज्या नोकरदार मंडळींना हा प्रश्न विचारला, त्यांच्यातल्या एकालाही आपला आकडा माहीत नव्हता. बघितल्यावर मात्र सगळ्यांची रिॲक्शन सेम, 'बापरे, एवढे?'

आणि या फोटोंमध्ये असतं काय काय? मॉलच्या पार्किंगमधल्या खांबाचा नंबर. मीटिंगमधला व्हाइटबोर्ड. आधार कार्ड, पुढून आणि मागून. एकाच मिसळीचे अकरा फोटो. आणि या गर्दीत कुठेतरी बाबांच्या साठीचा ग्रुप फोटो, आपल्या पहिल्या पगाराची साडी नेसलेली आई, हरिश्चंद्रगडावरची धुक्यातली सकाळ, आता नसलेल्या आजोबांचा हसतानाचा पंधरा सेकंदांचा व्हिडिओ. पूर्वी छत्तीस फोटोंचा रोल धुऊन आला की त्यातले बरे निवडून अल्बमला लागायचे. आता सगळं एकाच पोत्यात.

मग माझा दुसरा प्रश्न असायचा, 'आज घरी जाताना लोकलमध्ये फोन मारला गेला तर?' उत्तर ठरलेलं. 'क्लाउडवर आहे ना सगळं!' बरं, कुठल्या क्लाउडवर? कुठल्या अकाउंटला? शेवटचा बॅकअप कधी झाला? इथे बहुतेक जण गप्प. एकाने तिथल्या तिथे ॲप उघडून बघितलं, तर बॅकअप सात महिन्यांपूर्वीच थांबलेला! कारण काय, तर स्टोरेज फुल. नोटिफिकेशन रोज येत होतं आणि हा पठ्ठ्या रोज अंगठ्याने ते बाजूला सारत होता. त्या सात महिन्यांत त्याच्या बहिणीचं लग्न होऊन गेलं होतं.

फुकट ते पौष्टिक?

हे स्टोरेज प्रकरण नेमकं कधी सुरू झालं? मे २०१५ मध्ये गुगल फोटोज आलं आणि थोडे कॉम्प्रेस केलेले फोटो हवे तितके ठेवा, तेही फुकट, अशी ऑफर मिळाली. आपल्याला एवढंच हवं होतं. पुढच्या वर्षी स्वस्त डेटा आला आणि मग तर काय, आख्ख्या देशाने फोटो वर चढवायला सुरुवात केली. नोव्हेंबर २०२० मध्ये कंपनीने स्वतःच आकडा सांगितला. चार ट्रिलियनहून जास्त फोटो साठलेले आणि दर आठवड्याला २८ अब्ज फोटो-व्हिडिओंची भर! त्याच वेळी दुसरी घोषणाही झाली. १ जून २०२१ पासून अनलिमिटेड बंद. त्या तारखेआधी कॉम्प्रेस करून चढवलेले फोटो हिशेबात धरले जात नाहीत. नंतरचा प्रत्येक फोटो मात्र १५ जीबीच्या फुकट कोट्यातून कापला जातो.

गोम अशी, की हे १५ जीबी नुसत्या फोटोंसाठी नाहीत. त्यात तुमचा जीमेल आला, ड्राइव्ह आला. २०२४ पासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच मोजायला लागले. म्हणजे तुमच्या फॅमिली ग्रुपवरची 'शुभ सकाळ'ची फुलं आणि तुमच्या लेकीचं पहिलं पाऊल एकाच डब्यात जागेसाठी भांडतायत. ॲपलवाल्यांनी हसू नये. आयक्लाउड २०११ मध्ये सुरू झालं तेव्हा ५ जीबी फुकट होते, आजही ५ जीबीच आहेत.

जरा हिशेब करू. फोनवरचा एक साधा फोटो अंदाजे तीन एमबीचा धरला, तर १५ जीबीत पाच हजार फोटो बसतात. तेही मेलबॉक्स रिकामा असेल तर! आणि व्हिडिओची भूक वेगळीच. फोरकेमध्ये काढलेला एका मिनिटाचा व्हिडिओ, फोन आणि सेटिंगप्रमाणे, दीडशेपासून साडेतीनशे एमबीपर्यंत खातो. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशाचं दहा मिनिटं शूटिंग केलंत, तर जवळजवळ हजारभर फोटोंची जागा गेली म्हणून समजा.

ढग असतो जमिनीवरच

'क्लाउड' हा शब्दच फसवा आहे. वर आकाशात काही नसतं. असतात ती दुसऱ्या कोणाची तरी कम्प्युटरं, मोठमोठ्या थंडगार इमारतींमध्ये ओळीने लावलेली. ऐरोली, महापे ते पनवेल या नवी मुंबईच्या पट्ट्यात अशा डेटा सेंटरच्या इमारती तुम्ही येताजाता बघितल्याही असतील. तुमचे फोटो नेमके तिथेच असतात असं नाही, पण जिथे कुठे आहेत तिथे साधारण असाच मामला असतो.

याचा फायदा मोठा आहे. घरच्या हार्ड डिस्कवर तुमच्या फोटोची एकच कॉपी असते. डिस्क पडली, बंद पडली, विषय संपला. मोठ्या कंपन्या एकाच फोटोच्या कॉपी वेगवेगळ्या डिस्कवर ठेवतात, त्यामुळे एखादी डिस्क मेली तरी तुम्हाला पत्ताही लागत नाही. तरीपण 'क्लाउड आहे म्हणजे काही होऊच शकत नाही' हा भ्रम नको. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक आख्खी इमारत जळाली. ज्या ग्राहकांनी दुसरीकडे कॉपी ठेवली नव्हती, त्यांचा डेटा गेला तो गेलाच. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या डेजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. तिथल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फायली ज्या क्लाउडवर होत्या, तो ८५८ टेराबाइटचा साठा नष्ट झाला. त्याची बाहेर कुठे कॉपीच नव्हती! टेक्नॉलॉजीत जगाला शिकवणी देणाऱ्या देशात हे झालं, बरं का.

पण खरं सांगू? तुमच्या-माझ्या फोटोंना आगीपेक्षा मोठा धोका आहे तो आपल्याच अंगठ्यापासून.

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे

हिंजवडीत काम करणारी माझी एक मैत्रीण. लडाखला निघायच्या आदल्या रात्री तिचा फोन 'जागा नाही' म्हणून ओरडायला लागला. हिने विचार केला, सगळं क्लाउडवर आहेच की! बसली, आणि तीन वर्षांचे फोटो सिलेक्ट ऑल करून डिलीट. फोन रिकामा, बाईसाहेब खूश. ट्रिपवरून आल्यावर दोन आठवड्यांनी तिला आईचा एक जुना फोटो हवा होता. फोनवर नाही. ठीक. क्लाउडवर... तिथेही नाही! एकही नाही!

तिचं नशीब जोरावर होतं. ॲपच्या कचरापेटीत सगळं अजून पडून होतं, ते परत आणता आलं. महिन्या-दोन महिन्यांनी लक्षात आलं असतं तर तीन वर्षं साफ.

हे असं होतं कारण आपल्यापैकी बहुतेक जण ज्याला बॅकअप म्हणतात, ते असतं सिंक. सिंक म्हणजे आरसा. फोनवर आलं की तिकडे दिसणार, फोनवरून पुसलं की तिकडूनही जाणार. बॅकअप म्हणजे बँकेचा लॉकर. घरात काहीही होवो, तिकडचं जागेवर. आयक्लाउड फोटोज हा सरळसरळ आरसा आहे. एका उपकरणावरून उडवलं की सगळीकडून उडतं. गुगल फोटोजच्या ॲपमध्ये 'डिलीट' दाबलं तरी फोन आणि क्लाउड, दोन्हीकडून जातं. फक्त फोनची जागा मोकळी करायची असेल तर तिथे 'फ्री अप स्पेस' नावाचं वेगळं बटण आहे. ते वर पोचलेल्या फोटोंची फोनमधली कॉपी काढतं आणि क्लाउडवरची ठेवतं. कचरापेटीची मुदतही लक्षात ठेवा. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेले फोटो ६० दिवस राहतात, ॲपलकडे साधारण ३० दिवस. त्यानंतर रामनाम सत्य!

आयफोनवाल्यांसाठी आणखी एक. 'ऑप्टिमाइझ स्टोरेज' चालू असेल, तर गॅलरीत तुम्हाला दिसतात ते बरेचसे फोटो म्हणजे छोट्या आवृत्त्या. मूळ मोठे फोटो असतात क्लाउडवर. म्हणजे दोन जागी दिसले, तरी अस्सल कॉपी एकाच जागी.

अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट

पुण्या-मुंबईत भाड्याने राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. घर कितीही सजवलं तरी ते मालकाचं. क्लाउडचं तसंच आहे. मालक अटी बदलू शकतो, भाडं वाढवू शकतो, कधी दुकानच बंद करू शकतो. आठवा, मी शाळेत होते तेव्हा माझ्या ताई-दादाच्या पिढीचे सगळे ग्रुप फोटो ऑर्कुटवर होते. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुटचा कारभार आटोपला. फोटो उतरवून घ्यायला मुदत दिली होती, पण किती जणांनी उतरवले? फ्लिकरने २०१३ मध्ये प्रत्येकाला एक टेराबाइट फुकट देऊ केला होता. कंपनीचा मालक बदलला आणि २०१९ मध्ये फुकटवाल्यांची मर्यादा आली एक हजार फोटोंवर! मायस्पेसने तर २०१९ मध्ये हात वर केले, की सर्व्हर हलवताना जुने फोटो, व्हिडिओ, गाणी गेली, सॉरी.

नुसतं दुर्लक्ष केलं तरी घर हातचं जाऊ शकतं. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक अकाउंट्स गुगलने डिसेंबर २०२३ पासून काढून टाकायला सुरुवात केली. आणि तुम्ही जास्तीच्या जागेचे पैसे भरणं थांबवलंत, कोट्याच्या वर राहिलात, तर आधी नवे फोटो चढणं आणि मेल येणं बंद होतं. तसंच दोन वर्षं राहिलात, तर असलेलं सामानही काढलं जाऊ शकतं.

सगळ्यात अंगावर येणारी केस अमेरिकेतली. सॅन फ्रान्सिस्कोमधल्या एका वडिलांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये आपल्या आजारी बाळाचे फोटो काढले, डॉक्टरांना दाखवायला. ते आपोआप क्लाउडवर गेले. तिथल्या स्वयंचलित तपासणीने ते आक्षेपार्ह ठरवले आणि अकाउंट बंद! पोलिसांनी चौकशी करून त्यांना निर्दोष ठरवलं, तरी गुगलने अकाउंट परत दिलं नाही. न्यूयॉर्क टाइम्सने ऑगस्ट २०२२ मध्ये ही बातमी दिली. मुलाच्या पहिल्या वर्षांचे फोटो, मेल, कॉन्टॅक्ट्स, फोन नंबर, सगळं एका दाराआड आणि त्या दाराची किल्ली दुसऱ्याकडे.

आजीचं माहेर उर्फ ऑफसाइट बॅकअप

'मग नकोच तो क्लाउड! एक हार्ड डिस्क घेतो आणि कपाटात ठेवतो.' असं म्हणत असाल, तर एक मिनिट.

आमचं जुनं घर पुण्यात, शनिवार पेठेत. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आमच्याकडे त्याआधीचा एकही फोटो नाही. आजोबांच्या मुंजीचा नाही, पणजीचा नाही. एक सोडून. आजीच्या लग्नाचा फोटो आहे, कारण त्याची एक कॉपी तिच्या माहेरी, साताऱ्याला भिंतीवर लावलेली होती. आजी हे इतक्या सहज सांगायची, 'माहेरी होता म्हणून राहिला गं.' कम्प्युटरवाले याला ऑफसाइट बॅकअप म्हणतात!

आणि पूर ही काही फक्त आजीच्या काळातली गोष्ट नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत तळमजल्यावरच्या किती घरांतले अल्बम लगदा झाले असतील! जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं. माझा एक चिपळूणकर मित्र सांगतो, की पाणी ओसरल्यावर त्याच्या आईने सर्वात आधी लग्नाचा अल्बम उन्हात ठेवला, पण पानं एकमेकांना चिकटून बसली होती. लॅपटॉप आणि हार्ड डिस्क त्याच कपाटात, त्याच चिखलात. जुलै २०२४ मध्ये पुण्यात सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा लोकांना गाड्यासुद्धा काढता आल्या नाहीत. अशा वेळी हार्ड डिस्क कोणाच्या लक्षात राहणार? घरातल्या फोटोंबरोबर घरातलाच बॅकअप बुडाला, तर त्याचा उपयोग काय?

म्हणून क्लाउड हवाच. ते आपल्या फोटोंचं साताऱ्याचं घर आहे. फक्त तेवढं एकच घर नको.

लग्नाच्या फोटोग्राफरचं शहाणपण

मग करायचं काय? हे ज्याचं पोटच त्यावर आहे, त्याला विचारावं म्हणून मी डोंबिवलीच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरला गाठलं. तो म्हणाला, 'मॅडम, नवरा-नवरी परत लग्न करणार नाहीत माझ्यासाठी! फोटो गेला तर मी संपलो.' त्याची पद्धत ऐका. कॅमेऱ्यात दोन कार्डं, प्रत्येक फोटो दोन्हीवर. रात्री घरी येऊन, कितीही वाजले तरी, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर कॉपी. एक डिस्क स्टुडिओत, दुसरी घरी. निवडक फोटो क्लाउडवर. आणि अल्बम पार्टीच्या हातात पडेपर्यंत कॅमेऱ्याची कार्डं पुसायची नाहीत.

नकळत तो तीन-दोन-एकचा नियम पाळतोय. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने तो लोकप्रिय केला. फोटोच्या तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. आपल्या भाषेत, एक फोनवर, एक हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर. झालं!

यात एक पोटकलम आहे. अधूनमधून बॅकअप उघडून बघायचा. 'टॉय स्टोरी टू' पाहिलाय ना? १९९८ मध्ये तो तयार होत असताना पिक्सारमध्ये कोणीतरी चुकीची कमांड दिली आणि सिनेमाच्या फायली भराभर पुसल्या जायला लागल्या. बॅकअप होता, पण तो महिनाभर नीट चालतच नव्हता आणि कोणी तपासलंच नव्हतं! वाचवलं कोणी? गेलिन सुसमन या तिथल्या टेक्निकल डायरेक्टरने. बाळंतपणानंतर त्या घरून काम करत होत्या, म्हणून सिनेमाची एक कॉपी त्यांच्या घरच्या कम्प्युटरवर होती. तो कम्प्युटर ब्लँकेटमध्ये गुंडाळून, गाडीत घालून ऑफिसला आणला. वर्क फ्रॉम होमचे फायदे सांगायला बॉसला हा किस्सा उपयोगी पडेल!

खिशाला किती?

आता मुद्द्याचं. गुगलच्या शंभर जीबीला महिन्याला सव्वाशे-दीडशे रुपये, आयक्लाउडच्या पन्नास जीबीला त्याच्याही खाली. दर बदलत राहतात, पण एका कॅफेतल्या कॉफीपेक्षा कमीच. एक टेराबाइटची पोर्टेबल हार्ड डिस्क पाच-सहा हजारांच्या घरात. तीही सगळ्या कुटुंबात एक पुरते. जास्तीची जागा घरातल्यांबरोबर शेअर करायची सोयही दोन्हीकडे आहे, म्हणजे आई-बाबांसाठी वेगळे पैसे नकोत.

मोबाइल कंपन्यांच्या ऑफर असतातच. मे २०२५ मध्ये एअरटेलने पोस्टपेड आणि वायफाय ग्राहकांना शंभर जीबी सहा महिने फुकट देऊ केले, त्यानंतर बिलात पैसे जोडले जाणार अशा अटीवर. घ्या की, फक्त मुदत कधी संपते ते कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा. फुकटात भरलेलं सामान पुढे हलवायचं म्हटलं की अंगावर काटा येतो, आणि आपण मुकाट पैसे भरतो. त्यांनाही ते ठाऊक असतं.

कुलूप आणि किल्ली

'पण आपले प्रायव्हेट फोटो दुसऱ्याच्या कम्प्युटरवर?' हा प्रश्न रास्तच आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये हॉलिवूडच्या तारकांचे खासगी फोटो क्लाउडवरून चोरून पसरवले गेले, तेव्हा सगळ्यांना हीच धडकी भरली होती. नंतर आरोपी पकडले गेले तेव्हा कळलं, की त्यांनी खोट्या ईमेल पाठवून पासवर्ड काढून घेतले होते. म्हणजे तिजोरी फोडली नव्हती, किल्ली मागून घेतली होती! तेव्हा पासवर्ड दणकट ठेवा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा आणि जे कोणाच्याही नजरेला पडू नये असं वाटतं, ते ऑटो बॅकअपमध्ये जाऊ देऊ नका. ऑफिसच्या अकाउंटवर तर घरचे फोटो मुळीच नकोत. नोकरी सोडल्याच्या संध्याकाळी ते अकाउंट बंद होतं.

पण कुलूप फार पक्कं असलं तरी पंचाईत. माझ्या ओळखीतल्या एका मुलीचे बाबा २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. बाबांना फोटोंचा नाद. तिच्या लहानपणापासूनचे प्रिंट त्यांनी एकेक करून मोबाइलवर काढून ठेवले होते, मूळ प्रिंट घर बदलताना कधीच हरवले होते. बाबा गेले आणि फोनचा पॅटर्न कोणालाच माहीत नव्हता. आईलाही नाही. तो फोन आजही कपाटात आहे. ती दर महिन्याला तो चार्ज करते. लॉक स्क्रीनवर तिचाच पाचवी-सहावीतला फोटो आहे, तेवढाच दिसतो.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. गुगलच्या अकाउंटमध्ये 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' नावाची सोय २०१३ पासून आहे. तुम्ही ठरवलेल्या मुदतीत, कमीत कमी तीन महिने, अकाउंट वापरलं गेलं नाही, तर तुम्ही निवडलेल्या माणसाला तुमचा डेटा उतरवून घेता येतो. ॲपलने डिसेंबर २०२१ मध्ये 'लेगसी कॉन्टॅक्ट' आणलं, ते याच जातीचं. पंचविशीत-तिशीत असला विषय काढायचा म्हणजे जरा कसंतरीच होतं, मान्य. मग स्वतःचं नंतर करा, आधी आई-बाबांच्या फोनवर करा. त्यांच्या शेजारी बसून, त्यांना विचारून. बघा, फोटो बघता बघता दुपार कशी जाते कळणार नाही.

या रविवारी एवढं कराच!

१. फोटो ॲप उघडा. बॅकअप चालू आहे का, कुठल्या अकाउंटला आणि शेवटचा कधी झाला, ते बघा. दोन-तीन मेल आयडी असतील तर फोटो भलत्याच आयडीवर गेलेले असू शकतात.

२. कोणते फोल्डर वर जातायत ते तपासा. अँड्रॉइडवर कॅमेऱ्याचे फोटो जातात, पण व्हॉट्सॲपचा फोल्डर सहसा वेगळा सांगून चालू करावा लागतो.

३. क्वालिटी ठरवा. गुगलच्या 'स्टोरेज सेव्हर'मध्ये मोठे फोटो १६ मेगापिक्सेलवर आणि व्हिडिओ फुल एचडीवर उतरवले जातात. रोजच्या फोटोंना चालतं, लग्न-बारशाला 'ओरिजिनल' ठेवा. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो तर आधीच आटलेला असतो. महत्त्वाचा फोटो ज्याने काढलाय, त्याच्याकडून मूळ फाइल मागून घ्या.

४. साफसफाई. पार्किंगचे खांब, स्क्रीनशॉट, 'शुभ सकाळ' उडवा. पण 'डिलीट' कुठून करताय आणि ते कुठून कुठून जाणार, ते आधी समजून घ्या.

५. वर्षातून दोनदा, समजा पाडव्याला आणि दसऱ्याला, सगळे फोटो क्लाउडवरून उतरवून हार्ड डिस्कवर ठेवा. गुगलचं 'टेकआउट' आणि ॲपलचं 'डेटा अँड प्रायव्हसी' पान त्यासाठीच आहे. रात्री सुरू करून झोपा, वेळ लागतो. गुगलकडून येताना फोटोंची काही माहिती वेगळ्या छोट्या फायलींमध्ये येते, त्या कचरा समजून उडवू नका.

६. उतरवल्यावर दहा-बारा फोटो आणि एक-दोन व्हिडिओ प्रत्यक्ष उघडून बघा. मग डिस्कवर तारीख लिहा. जमल्यास ती डिस्क गावच्या घरी किंवा बहिणीकडे ठेवा.

७. आई-बाबांचा फोन. त्यांचा पासवर्ड त्यांच्याच डायरीत, त्यांच्याच अक्षरात लिहून ठेवायला सांगा.

८. आणि सगळ्यात शेवटी, वर्षभरातले फक्त वीस फोटो निवडा आणि कोपऱ्यावरच्या स्टुडिओतून प्रिंट काढून आणा. मागे पेनाने नावं आणि तारीख लिहा. त्यांना चार्जिंग लागत नाही आणि पासवर्डही!